कर्ज नसलेला माणूस

खरं बोलायचं तर भिंगवाल्याचं चुकलं ते इतकंच, की त्याला कागदावर स्वच्छ दिसायचं होतं.

कारखान्यात अठरा वर्षं तो भिंगं घासत आला, म्हणून हे नाव. आता त्याचा अख्खा विभाग लष्कराच्या दुर्बिणी बनवायला कुलूपबंद इमारतीत हलणार होता. आत जायचं तर सुरक्षा तपासणीतून पार पडायचं, नाहीतर महिनाअखेरीला घरी. चाळिशी उलटलेल्या माणसाला भिंगं घासायला दुसरीकडे कोण ठेवणार होतं, सांगा.

फॉर्म बावीस पानी. एकोणिसाव्या वर्षी मारामारीपायी एक दिवस कोठडीत काढला होता, ते त्याने निमूट लिहिलं. कर्जाच्या रकान्यापाशी मात्र हात अडला. बायकोच्या ऑपरेशनसाठी घेतलेलं कर्ज, त्याचे पाच हप्ते थकलेले. हे लिहिलं की आपला पत्ता कट, असं त्याने स्वतःच ठरवून टाकलं. अरे, विचारायचं ना कुणाला तरी. पण नाही, गेला थेट ताईकडे. ताईने बांगड्या मोडल्या, कर्ज एका दिवसात फिटलं, आणि पठ्ठ्याने रकान्यात ऐटीत लिहिलं, ‘नाही’.

“दाजींना कळता कामा नये,” एवढंच ताई म्हणाली होती.

तीन आठवड्यांनी चौकशी अधिकाऱ्याने बोलावलं. कोठडीबद्दल त्याने विचारलंसुद्धा नाही.

“हप्ता भरायला तुमच्याकडे पैसे नव्हते. मग एका दिवसात चार लाख आले कुठून?”

“घरातून.”

“कुणाच्या घरातून?”

भिंगवाला फॉर्मची पानं सारखी करत बसला. अधिकारी वैतागला.

“अहो, आत काम करणाऱ्या निम्म्या लोकांच्या डोक्यावर कर्ज आहे. आजारपणाचे कागद जोडले असतेत तर विषय तिथेच मिटला असता. पण असं गुपचूप फेडलेलं कर्ज दिसलं की आम्हाला संशय येतो. आमचंच काही बाहेर विकून पैसे आलेत का, ते बघावं लागतं. ज्याने दिले, त्याच्या घरी जाऊन जबाब घ्यावा लागेल.”

“बहिणीने दिले. तिला इथे आणतो ना, साहेब. घरी नका जाऊ.”

“घरीच जावं लागतं. घरच्या माणसांसमोर. नाव लिहा, नाहीतर फॉर्म परत घ्या.”

भिंतीवर डोकं आपटून घ्यावंसं वाटलं त्याला. आपल्याच हाताने पायावर धोंडा पाडून घेतला होता, आणि आता तो ताईच्या पायावर ढकलायचा. बाहेर येऊन त्याने ताईला फोन लावला. सगळं सांगितलं.

“लिही माझं नाव,” ती म्हणाली. “ह्यांचं मी बघते.”

त्याने लिहिलं. बुधवारी दोन माणसं ताईच्या घरी जाऊन आली. शुक्रवारी पास मिळाला, फोटोसकट, गळ्यात अडकवायचा.

तो तसाच घरी आला, तर ताई स्वयंपाकघरात बसून त्याच्या बायकोला भाजी निवडून देत होती. शेजारी तिची बॅग. कधी आलीस, असं विचारायचाही त्याला धीर होईना.

“बांगड्यांचं एक वेळ चाललं असतं,” मान वर न करता ताई म्हणाली. “पण परक्या माणसांसमोर कळलं ना ह्यांना. आणखी काय काय लपवलंस, म्हणाले. पंचवीस वर्षांत दुसरं काहीच नाही म्हटलं, तर विश्वास बसेना.”

मग तिने त्याच्या गळ्याकडे पाहिलं.

“मिळाला का पास?” ती म्हणाली. “झालं तर मग.”