पाच टक्क्यांची रांग

फ्रेमवालीला गिऱ्हाईक नसलं की झोप लागत नसे. गेले दोन महिने गिऱ्हाईक होतं, म्हणून लागत नव्हती.

दुकान गल्लीच्या तोंडाशी, एका गाळ्याचं. फोटो, चित्र, प्रमाणपत्र, जे येईल त्याला चौकट करून द्यायची. तीन वर्षांत या धंद्याने तिला उपाशी ठेवलं नव्हतं आणि पोटभर जेवूही घातलं नव्हतं. आणि एकाएकी रांग लागली. एका माणसाने पंख्याच्या गॅरंटीकार्डाला सोनेरी चौकट मागितली. एका बाईने रिकामी चौकट घेतली. आत काय घालायचं विचारलं, तर म्हणाली, "ते बघू नंतर." तिसऱ्याने बिल ऐकलं, बोटांवर काहीतरी मोजलं आणि म्हणाला, "अजून चाळीसचं काहीतरी द्या ना, म्हणजे बरोबर बसेल." काय बरोबर बसेल, ते त्याने सांगितलं नाही. भिंतीवर साठ नमुने टांगले होते, पण मान वर करून एकानेही पाहिलं नाही. एरवी फ्रेमवाली खिळेसुद्धा मोजून डबीत ठेवायची. कौतुक मात्र तिने न मोजता पदरात घेतलं. लोकांना दृष्टी आली, असं तिने ठरवून टाकलं.

आणि त्या दृष्टीच्या भरवशावर तिने शेजारचा रिकामा गाळा मागितला. गाळामालक पक्का. करार तीन वर्षांचा, मधेच सोडला तरी भाडं पूर्ण, अनामत सहा महिन्यांची. अनामत म्हणजे तिची होती नव्हती ती सगळी शिल्लक. सही आज दुपारी बाराला. नाही केली, तर चष्मेवाला टपून बसलाच होता.

सकाळपासून ती या पायावरून त्या पायावर होत होती. दोन पट्ट्या उलट्या कोनात कापल्या. चहा केला आणि प्यायची विसरली.

साडेदहाला नणंद आली. नणंदेच्या पाकिटात नोटा कमी आणि कार्डं फार. प्रत्येकावर चिकटपट्टी, त्यावर पेनाने लिहिलेलं : याच्यावर पेट्रोल, त्याच्यावर औषधं. तिचं लाडकं कार्ड दर तीन महिन्यांनी रंग बदलायचं. कधी किराण्यावर शंभराला पाच परत, कधी खाण्यापिण्यावर, बाकी सगळ्यावर जेमतेम एक. तेही तिमाहीच्या आधी बटण दाबून नाव नोंदवलं तर. फ्रेमवालीचं कार्ड एकच, कुठेही वापरा, सरसकट दोन टक्के.

"वहिनी, तुझं कार्ड म्हणजे अगदी आमचा दादा," नणंद नेहमी म्हणायची. "कधी भांडत नाही, कधी फुलंही आणत नाही."

"आणि तुझं कार्ड म्हणजे तू. तीन महिने गळ्यात गळा, चौथ्या महिन्यात ओळख नाही."

आज मात्र फ्रेमवालीने चेष्टेला जागा दिली नाही. "बरं झालं आलीस. बाराला सही आहे. शेजारचा गाळा घेतेय. तीन वर्षांसाठी."

नणंदेचा चेहरा पांढराफटक पडला.

"कुठला गाळा? कुणाला विचारून?"

"तुला विचारायला हवं होतं का?"

"हो!" नणंद मटकन स्टुलावर बसली. "वहिनी, रागावू नकोस. तुझ्याकडून मी आरसा घेतला होता ना? त्याचं बिल माझ्या कार्डावर खाण्यापिण्यात लागलं. आणि या तिमाहीत खाण्यापिण्यावर पाच टक्के आहेत, पुढल्या तिमाहीत पेट्रोलवर."

"माझं दुकान चौकटींचं आहे."

"बँकेच्या लेखी ते खानावळ आहे!"

फ्रेमवालीच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. या गाळ्यात आधी खानावळच होती. नव्या कार्डमशीनची अनामत वाचावी म्हणून तिने खानावळवाल्याचंच मशीन घेतलं होतं. बँकेने खातं बदललं, नाव बदललं, धंदा बदलायचा राहून गेला. तेव्हा चार पैसे वाचले म्हणून ती आठवडाभर खूश होती.

"मग मी आमच्या फोनवरच्या गटात टाकलं," नणंद पुटपुटली. "दीड हजार माणसं आहेत, सगळी कार्डवाली. खाऊन खाऊन माणूस किती खाणार गं? तिमाहीत ठरावीक खर्चापर्यंतच पाच टक्के मिळतात, ती मर्यादा भरायची राहते. म्हटलं, वहिनीचाही धंदा होईल. तुला सांगितलं असतं तर तू प्रामाणिकपणे बँकेत धावली असतीस."

"म्हणजे सगळी रांग..."

"सगळी नसेल."

"किती?"

ते नणंदेला ठाऊक नव्हतं. फ्रेमवाली दोन मिनिटं येरझाऱ्या घालत राहिली. मग तिने मशीन खणात टाकलं, पुठ्ठ्यावर 'आज फक्त रोख' असं लिहून दारात लावलं आणि नणंदेच्या हातात पेन्सिल दिली. "जो जाईल त्याची उभी रेघ. जो थांबेल त्याची आडवी."

बारा वाजेपर्यंत अकरा माणसं आली. कुणी पाटी वाचून दारातूनच वळलं, कुणाला अचानक महत्त्वाचा फोन आला. एक गृहस्थ म्हणाले, "मशीन दुरुस्त झालं की कळवा हं, तिमाहीच्या आत." नऊ उभ्या रेघा. थांबले दोघं. एक म्हातारे नकाशाकार बायकोचं भरतकाम घेऊन आले आणि कडेला किती जागा सोडायची यावर पाऊण तास भांडले. एक शिक्षिका वर्गाचा फोटो ठेवून गेली, सुटे पैसे मोजून.

"नऊतले एकदोन परत येतील," नणंद म्हणाली.

"येतील. पण दोघातिघांवर दोन गाळ्यांचं भाडं निघत नाही."

गाळामालक कागद घेऊन आला. "काय बाई, पेन आणू की आहे?"

"महिन्याच्या बोलीवर देता का?"

"अहो, सगळी गल्ली तुमची रांग बघते आणि तुम्ही कच खाता?"

"रांग पेट्रोलपंपावर चाललीय," ती म्हणाली. "पुढल्या तिमाहीत." त्याला काही उमगलं नाही. "चष्मेवाल्याला द्या."

तो पायरी उतरायच्या आतच फोनवर बोलायला लागला होता.

नणंद रडवेली झाली. "गटातला मजकूर काढून टाकू?"

फ्रेमवालीला तिचा राग आला होता, पण राग करायला आत्ता वेळ नव्हता. "तो काढ. आणि उद्या माझ्याबरोबर बँकेत चल. रांगेत तू उभं राहायचंस."

"आणि तिमाहीचे उरलेले एकोणीस दिवस? एवढा धंदा सोडणार?"

फ्रेमवालीने मनातल्या मनात एकोणीस दिवसांची विक्री मोजली. आकडा तोंडावर आला होता, तो तिने गिळला. "उद्या म्हटलं ना."

अर्ध्या तासात चष्मेवाला टेप घेऊन हजर झाला. शेजारचं शटर खडखडत वर गेलं. थोड्या वेळाने तो तिच्या दारात आला. "बाई, इथे उजेड कुठून येतो हो? काचा घासायचं टेबल कुठे लावू?"

"मागच्या खिडकीपाशी, आडवं," ती लगेच म्हणाली. "सात फुटांचं बसतं. चारपर्यंत दिवा लावावा लागत नाही. डाव्या भिंतीला खिळा मारू नका, चुना सुटतो."

"तुम्हाला बरं सगळं माहीत!"

तिने नकाशाकारांचं भरतकाम उचललं, कडेची जागा मोजली, आणि पुन्हा मोजली.