फायलीतली ओळ

मी बस चालवते, बावीस वर्षं झाली. गाडी काढण्याआधी ब्रेक, आरसे, दारं सगळं एकदम तपासून मोकळं व्हायचं, ही सवय अंगात मुरलेली. थायरॉइडची गोळीही त्याच शिस्तीत, पहाटे डेपोत, उपाशीपोटी. एका दिवसाचा खाडा नाही.

तरी वर्षभरात अंगातलं त्राणच गेलं. रिपोर्ट बिघडत गेले, डोस वाढत गेला. शेवटी डेपोच्या डॉक्टरांनी फायलीत लिहिलं, ‘रुग्ण औषध नियमित घेत नाही.’ दीड महिन्याने रक्त पुन्हा तपासू, तोवर स्टिअरिंग बंद, तिकीट खिडकीत बसा, आणि इथे सही करा म्हणाले.

“गोळी मी चुकवलेली नाही. सही करणार नाही.”

वाढीव डोस आणायला औषधांच्या दुकानात गेले, तेव्हा माझं डोकं तापलेलंच होतं. काउंटरवरच्या बाईंनी विचारलं, सोबत आणखी काय घेता? काहीच नाही, म्हटलं. मग कॅल्शियम आठवलं. माझे गुडघे कुरकुरतात म्हणून वन्संनी प्रेमाने आणून दिलेलं. हे काय औषध आहे का, दुधासारखंच की, म्हणाल्या होत्या. मलाही पटलं. वर्षभर दोन्ही गोळ्या एकाच घोटात, एकदम उरकायची खोड ना!

“कॅल्शियम त्या गोळीला पोटातच अडवतं,” बाई म्हणाल्या. “तुम्ही गिळता, पण ती अंगी लागत नाही. दोन्हींत चार तास जाऊ द्या. आणि डोस वाढवण्याआधी डॉक्टरांना हे सांगा.”

सांगितलं. करून बघा, म्हणाले, आणि वर्षापूर्वीचाच डोस पुन्हा दिला. वन्सं रडवेल्या झाल्या. त्यांच्यावर कसली चिडणार, न सांगण्याची चूक माझीही होतीच.

दीड महिना दुपारच्या जेवणानंतर कॅल्शियम घेतलं आणि खिडकीत बसून लोकांना माझीच बस दाखवली. फार लागलं मनाला.

रिपोर्ट चोख आला. डॉक्टर खूश, उद्यापासून गाडी घ्या म्हणाले. मी खुर्चीतून हलले नाही.

“आधी ती ओळ खोडा.”

आता कशाला जुनं उकरता, म्हणाले.

“फायलीत मी खोटारडी राहणार असेन, तर मला गाडी नको.”

त्यांनी ओळ खोडली. तिथे काय लिहू, विचारलं.

“लिहा, सोबत काय घेते ते विचारलं नव्हतं.”

त्यांनी आधी तारीख घातली. मग तेच लिहिलं.