ज्वारीवरची तार

टोळांवर औषध फवारणारे छोटे विमान अनसिंगजवळच्या पडीक रानात उतरले, तसे जगदेव आणि त्याची बायको रंगूबाई ते पाहायला धावले. त्यांच्या ज्वारीवर अजून फवारणी व्हायची होती. जगदेवने वैमानिक दळवींना विचारले, "सायेब, एवढी घाई काहून करून राह्यले? सावकाश उडा ना, दवा बराबर पडंल."

दळवी हसले. "वेग कमी झाला की पंखांना हवेचा आधार पुरत नाही, विमान कोसळू लागतं. उंचावर असलो तर सावरायला जागा असते. तुमच्या कणसांवर कुठली जागा?"

"अन् मधात झाड आलं तं?" रंगूबाईने विचारले.

"झाड दिसतं, बाई. तार दिसत नाही."

रंगूबाई पुढे झाली. "आमच्या वावरात हाय तार. मचाणापासून बाभळीपर्यंत. वढली का तिले बांधलेले डबे वाजते, पाखरं उडते."

"सांग, आता हेबी सांग!" जगदेव चिडला. "तार काढली तं पाखरं कणसं ठेवतीन का?"

"अन् सायेब पडले तं?"

दळवी त्यांच्याबरोबर शेतात गेले. तारेकडे पाहत ते मागे मागे सरकू लागले. जगदेवही कुतूहलाने सरकला. थोड्याच अंतरावर तार नाहीशी झाली, आणखी मागे गेल्यावर डबेही दिसेनात.

"आपलीच तार, अन् मलेच दिसून नाही राह्यली!"

तो मचाणावर चढून गाठ सोडू लागला. "रंगे, उद्यापासून पाखरं हाकलाले तूच वरड. गळा हाय तुह्याजवळ."