तीन दिवसांचं तूप

कौशल्याबाईच्या अंगाला खाल्लेलं लागतच नव्हतं. बाई वाळून पार चिपाड झाली होती. सारखी परसाकडं धावायची आणि येऊन भिंतीला टेकायची. घरचे म्हणायचे, कामचोर! नवरा हिंमतराव तर तिला कायमची माहेरी, दुसरबीडला, धाडायला निघाला होता. एकदा डॉक्टरला दाखव, मग काय ते कर, अशी सासूनं, रुक्मिणीबाईनं, त्याला गळ घातली.

बुलढाण्याच्या दवाखान्यात नागपूरकडचे डॉक्टर होते. म्हणाले, "तीन दिवस हिला भरपूर तूप द्या, मग शौच डबीत आणा. तूप न पचता तसंच पडत असेल, तर स्वादुपिंड बिघडलंय."

लढाईचे दिवस, तूप मिळायची मारामार. तरी रुक्मिणीबाईनं कुठून कुठून मिळवलं, रोज वाटी भरून सुनेच्या हाती दिली. सुनेनं काय करावं? ती वाटी रोज गुपचूप नवऱ्याच्या वरणात उपडी केली! त्याला कोरडं वाढून आपण तूप खायचं, हे तिला जन्मात जमलं नसतं.

डॉक्टरांनी डबीतलं तपासलं. "काही नाही. पोट ठीक आहे."

"पाह्यलं? नाटकं सारे!" हिंमतराव बाहेर येऊन बैल जुंपू लागला. "चाल, दुसरबीडले."

कौशल्याबाई पायरीवर बसली. भांडायचंही त्राण नव्हतं.

"तूप म्या खाल्लंच नाही," ती म्हणाली.

"मंग कोनं खाल्लं?"

"तुमी. वरनात घालत व्हती मी."

हिंमतरावानं जू खाली ठेवलं. तो पुन्हा डॉक्टरांकडं गेला.

आता तीन दिवस दवाखान्यातच राहायचं ठरलं. तो समोर बसून कोरडी भाकर चावायचा आणि तिच्या घासावर डोळा ठेवायचा. तुपाची वाटी धरलेला तिचा हात सवयीनं त्याच्या भाकरीकडं वळायचा.

"खाय मुकाट्यानं!" तो खेकसायचा. आवाज मात्र रडवेला यायचा.

या खेपेला डॉक्टरांनी डबीतलं थोडं काचेवर घेऊन, रंग घालून सूक्ष्मदर्शकाखाली धरलं, तर नुसते तुपाचे नारिंगी थेंब. "स्वादुपिंड कामातून गेलंय," ते म्हणाले. "औषध देतो, पण पूर्ण बरं होणं अवघड."

हिंमतराव डोकं धरून बसला.

"म्हंजे मी नाटक नव्हती करत ना?" कौशल्याबाईनं विचारलं.

"नाही हो, बाई," डॉक्टर म्हणाले.

तिला हायसं वाटलं. भर दुपारी, नवऱ्यासमोर, तिथल्याच बाकड्यावर ती आडवी झाली. ऊठ म्हणायला कोणी आलं नाही.