द्राक्षांची झडती

मी विरुदुनगरचा परोटा मास्टर, चेल्लपांडी. तेलात तळलेला परोटा खावा तर माझ्याच हातचा, बाकीचे नुसतं पीठ जाळतात. पण त्या दिवशी उकळतं तेल कलंडलं आणि तळलो गेलो तो मीच. उजव्या मांडीची पार वाट लागली.

जळिताच्या वॉर्डात फुलं चालत नाहीत, फळं चालत नाहीत. जेबमणी सिस्टर दारातच पिशव्या उलट्या करायच्या. बायको दुकान सांभाळत होती, म्हणून सोबतीला सासू, पेच्चियम्माळ. ती माझ्या बापाची सख्खी बहीण, म्हणजे माझी आत्या, आमच्याकडची अत्तै, त्यामुळे मला शिव्या द्यायचा तिला दोन्हीकडून हक्क.

एका सकाळी जाग आली ती वासानं. गोड, पिकलेल्या द्राक्षांचा वास! मला मिळमिळीत कांजी, आणि ही म्हातारी खाटेशी बसून द्राक्षं हाणतेय? माझं डोकंच फिरलं.

"अत्तै, काढ बाहेर!"

"काय काढू?"

"द्राक्षं! जावई इथं तडफडतोय आणि तू चोरून खातेस?"

"जीभ झडेल मेल्या! पोंगलपासून द्राक्षाचं तोंड बघितलं असेल तर मारियम्मा माझे डोळे नेवो!"

"आ कर."

तिनं खरंच आ केला. सुपारीचा वास आला. म्हणजे खाऊन वर सुपारी चघळली, बिलंदर! मी बोंब ठोकली, "सिस्टर, हिची झडती घ्या!"

सिस्टर आल्या. अत्तैच्या कनवटीतून विभूती निघाली, लिंबू निघालं, अर्धी इडली निघाली. खाटेखालून तांब्या निघाला, त्यात मोगऱ्याचा गजरा भिजत पडलेला.

"हे काय आणि?"

"देवीचा गजरा. कोमेजू नये म्हणून पाण्यात ठेवलाय," अत्तै म्हणाली. "तुमची पाठ वळली की तेच पाणी ह्याच्या पट्टीवर शिंपडते. गार वाटतं पोराला."

सिस्टरनी कपाळावर हात मारला. मग त्यांनी हवेत नाक वर केलं. उशी हुंगली, चादर हुंगली, आणि माझ्या मांडीशी येऊन थबकल्या. चेहरा एकदम उतरला.

"मास्टर, द्राक्षं तुमच्या मांडीत आहेत."

पट्टी सोडली तर आत हिरवं-निळं. पळत आलेल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "साठलेल्या पाण्यातले जंतू हे. ह्यांनाच असा द्राक्षांसारखा वास येतो. ते विष सोडतात. विष चांगल्या पेशीत शिरतं आणि तिचं प्रथिनं बनवणंच बंद पाडतं."

"म्हणजे कुणी माझ्या दुकानात शिरून नुसती चूल विझवायची. भांडी शाबूत, पण दुकान बसलं?"

"अगदी. आणि रक्तात पसरलं तर सगळी दुकानं बसतात. मूत्रपिंड, यकृत, हृदय."

"उद्या कळलं असतं तर?"

बाईंनी सरळ हातमोजे चढवले. माझी मस्ती तिथेच जिरली.

मेलेलं मांस खरवडून काढलं, सुया टोचल्या, पातळ व्हिनेगरच्या पट्ट्या ठेवल्या. "माझं लोणचं घालताय का?" म्हणून मी ओरडलो. मग ताप चढला. तापात मी अख्ख्या वॉर्डाला परोटे वाढले म्हणे. अत्तैला आत येऊ देत नव्हते. ती काचेपलीकडे उभी, जन्मात पहिल्यांदा गप्प. तिला गप्प बघून मात्र मी खरा घाबरलो.

ताप उतरल्यावर ती आत आली आणि रडायलाच लागली. "मीच रे विष घातलं तुला."

"गप गं. तुला चोर ठरवलं म्हणून तर वाचलो!"

"मग पाया पड माझ्या," ती नाक पुसत म्हणाली.

आता रोज दुकान उघडायच्या वेळी ती येते. गजरा देवळातच ठेवून येते. गिऱ्हाईकं बसलेली असली तरी वाकते, लुंगीवरून माझ्या मांडीला नाक लावते, आणि मगच म्हणते, "हं, लाव तवा." लोक फिदीफिदी हसतात. मी हलत नाही. तिचं हुंगून होईपर्यंत पिठाचा गोळा हातात धरून गप उभा राहतो.