समितीच्या टेबलावरचा माईक

मी एक माईक बोलतोय. हसू नका! आजवर माझ्या तोंडून दुसरेच बोलत आले, आज माझी पाळी. एका कारखान्यात जन्मलो आणि थेट बुलढाण्याच्या सरकारी सभागृहात आलो. मान मोडली तेव्हा शिपाई गणेशने चिकटपट्टी गुंडाळली, तेवढंच काय ते माझं कौतुक.

माणसं मोठी गमतीची. कितीही मोठा साहेब असो, बोलण्याआधी मला टिचक्या मारणार आणि फुंकर घालणार. फुंकून त्यांना काय कळतं, देव जाणे.

परवा आमदारांची समिती दौऱ्यावर आली. माझ्यासमोर बसवलं हिमानीला. ही इथल्याच दुसरबीड गावची पोर, आता पुण्यात मोबाईलवरून बियाणं विकणाऱ्या मोठ्या कंपनीची प्रमुख. गावची लेक म्हणून इथल्या कृषी केंद्रवाल्यांनी आपली दुकानं तिच्या ॲपवर नेली. कोणत्या शेतकऱ्याला कोणतं बियाणं लागतं, कधी लागतं, सगळं भरवशानं भरून दिलं. मग कंपनीनं स्वतःचं बियाणं काढलं आणि त्याच शेतकऱ्यांना थेट फोन लावले. दुकानं ओस पडली.

अध्यक्ष प्रतिमाताईंनी विचारलं, "दुकानदारांची माहिती तुम्ही स्वतःचा माल विकायला वापरली का? हो की नाही?"

"आम्ही सर्वांना समान संधी देतो," हिमानीनं वकिलानं दिलेला कागद वाचला. प्रश्न पुन्हा आला, तिनं पुन्हा तेच वाचलं. तिसऱ्यांदा वाचताना ती खोकायला लागली.

मागून भगवानराव उठले. दुसरबीडच्या त्यांच्या दुकानात बसून हिमानीनं लहानपणी अभ्यास केलेला. तक्रार त्यांचीच होती. मला वाटलं, आता हे तिला फैलावर घेणार.

"म्याडम, पोरीचा घसा सुकून राह्यला. तिले पाणी द्या," ते म्हणाले. "हिमे, पाणी पे आधी. मंग सांग."

मला अगदी भरून आलं.

हिमानी पाणी प्यायली. वकिलानं चटकन माझं बटण बंद केलं. तिनं ते पुन्हा चालू केलं आणि कागद बाजूला सारला.

"हो, वापरली. त्या आदेशावर सही माझीच होती. आजपासून हे बंद करते, तसं लेखी देते."

वकील कपाळाला हात लावून बसला. समितीनं चहासाठी कामकाज थांबवलं, तसे भगवानराव टेबलापाशी आले.

"काऊन सांगतलं सारं? नोकरी जाईन ना तुही."

"जाऊ द्या, काका. दोन वर्षं तुमच्या दुकानासमोरून गाडीच्या काचा लावून जायचे मी. आता येऊ का दुकानात?"

"हे काय विचारनं झालं? ये ना, माय."

मी चालूच होतो. त्यांचं बोलणं साऱ्या सभागृहानं ऐकलं. चहाला निघालेले आमदारही जागच्या जागी थांबले.

आता इथे बिनतारी माईक येणार आहेत, मी कपाटात जाणार. माझी तक्रार नाही. जाता जाता एकच मागणं आहे: पुन्हा कधी अशी दोन माणसं बोलत असली, तर नव्या माईकचं बटण कुणी बंद करू नका.