न धुतलेला कोट

माझा पुतण्या फुलांच्या काचघरात औषध फवारतो. या वर्षी त्याला झाडांच्या रांगेच्या टोकाशी एक माणूस दिसू लागला. खांदे पडलेले, तोंड नाही. सोबतचे म्हणायचे, बरं झालं, बदली गडी मिळाला, आता रजा टाक. तो हसायचा नाही. घरी जेवता जेवता रडायचा, लेकीला जवळ येऊ द्यायचा नाही. त्याची बायको, माझी सून, टेकीला आली होती. मंगळवारी त्याला मनोरुग्णालयात नेऊन ठेवायचं तिने पक्कं केलं आणि मला सोबत यायला सांगितलं.

त्यांची सात वर्षांची पोर रोज इतर मुलांबरोबर माझ्याकडे शिकायला येते. शुक्रवारी तिची वही लाळेने ओली झालेली दिसली. अक्षरं थरथरलेली. शेजारी तिने माणूस काढला होता. खांदे पडलेले, तोंड नाही.

"हा बाबांना दिसतो तो ना गं?"

"माझा पण आहे, आजोबा. बाबा जवळ घेत नाहीत, म्हणून मी यालाच घेऊन झोपते."

मी तिच्या घरी गेलो. पोरीच्या अंथरुणात पुतण्याचा फवारणीचा कोट होता. सुनेने सांगितलं, हा धुवायचा नसतो. धुतला की वरचं मेण जातं आणि औषध आत झिरपतं, असं मुकादमच म्हणतो. मला वाटलं, कोडं सुटलं. बाप या कोटाला भितो आणि लेक त्यालाच कुशीत घेते. नजरेआड केला की भीती जाईल. मुलांची भीती मी जन्मभर अशीच घालवत आलो. कोट उचलून आणला आणि शिकवायच्या खोलीत, मागच्या खुंटीला अडकवला.

मंगळवारी तिथल्या डॉक्टरीणबाईंनी पुतण्याचं काम विचारलं, सुनेकडून न धुतलेल्या कोटाचं ऐकलं, मग पोरीलाही पुढे बोलावलं. खोलीत अंधार केला तरी दोघांच्या डोळ्यांतल्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्याच राहिल्या. रक्त तपासलं, तर एक विकर, म्हणजे एन्झाइम, फार घटलेलं. बाईंनी मला कळेल असं सांगितलं. मेंदूत निरोप लिहिला जातो, काम झालं की हे विकर तो पुसतं. फवाऱ्याच्या औषधाने पुसणाऱ्याचेच हात बांधले. फळ्यावर ओळीवर ओळ चढत जाते. मग माणूस घाबरतो, रडतो, नाही ते बघतो.

"बरे होतील?" सुनेने विचारलं.

"इलाज आजच सुरू करू. पण तो कोट पुन्हा अंगाला लागता कामा नये, औषध त्यातच मुरलंय. आहे कुठे तो?"

मी तसाच घराकडे निघालो.

घरी मुलं नेहमीच्या वेळेला येऊन बसली होती. खिडक्या बंद होत्या. मागच्या बाकावरची, कोटाखालची दोघं भावंडं अगदी कडेला सरकून, अंग चोरून बसली होती. मी म्हणालो, नीट बसा, उठा, सगळे बाहेर चला.

धाकटीने हनुवटीवरची लाळ बाहीने पुसली.

"आजोबा, हळू बोला," ती म्हणाली. "तो आत्ताच बसलाय."